इंगळीचे विष आणि सहा सिस्टीन
(प्रथिनांतील टिकून राहिलेल्या रचनाबंधांचा संगणकीय शोध)

कोकणात विंचू ही काही नवलाची वस्तू नव्हे. मालवण, कुडाळ, सावंतवाडी या भागांत जांभ्या दगडाचे गडगे, चिरेखाणी, गवताच्या उडव्या आणि परसातील लाकूडफाटा ही त्याची नित्याची घरे होत. काळ्या विंचवाच्या दंशाने माणूस रात्रभर तळमळतो, पण बहुधा वाचतो. तांबड्या विंचवाची, म्हणजे इंगळीची, गोष्ट निराळी. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पुन्हा भातकापणीच्या सुमारास तिच्या दंशाचे रुग्ण येऊ लागतात. त्यांत लहान मूल असले म्हणजे डॉक्टरांच्याही पोटात गोळा उठतो. घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी साठणे हा क्रम कोकणातील जुन्या वैद्यांस व डॉक्टरांस चांगलाच परिचित होता. त्यावर इलाज मात्र नव्हता. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या लक्षणांची शिस्तवार नोंद केली. तिच्यावरील त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा उपयोग त्यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकातून जगापुढे मांडला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी चौथाईच्या वर दगावत. प्राझोसिन रूढ झाल्यावर ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. ही कथा मराठी वाचकांस ठाऊक आहे, म्हणून तिचा विस्तार येथे करीत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या विषातील प्रथिने हा आहे. किंबहुना त्या प्रथिनांच्या निमित्ताने एक अधिक व्यापक प्रश्न येथे पाहावयाचा आहे. एखाद्या प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम हाती आला, तर त्याच्या घडणीतील कोणता भाग उत्क्रांतीच्या ओघात टिकून राहिला आहे हे कसे ओळखावे? यासाठी आज जालावर विनामूल्य उपलब्ध असलेली डझनावारी साधने आहेत. मालवणच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यासही ती झुरिक किंवा केंब्रिजच्या संशोधकाइतकीच खुली आहेत. अडचण ती मिळण्यात नसून त्यांनी दिलेले उत्तर वाचण्यात आहे. आमच्या पदव्युत्तर प्रबंधांतून साधनाचे नाव, त्याने दिलेला अंक आणि 'यावरून असे सिद्ध होते' हे तीन शब्दसमूह इतक्या सहजपणे एकापुढे एक येतात, की मधली पायरी कोठे गेली हे शोधावे लागते. ती पायरी इंगळीच्या उदाहरणाने पाहू.

फॅब्रिसियसने १७९८ मध्ये वर्णिलेली ही जाती पुढे दीर्घकाळ 'ब्यूथस टॅम्युलस', नंतर 'मेसोब्यूथस टॅम्युलस' आणि हल्ली 'हॉटेनटोटा टॅम्युलस' या नावाने ओळखली जाते. पोकॉकने १९०० साली तिच्या एका उपजातीस कोकणावरूनच 'कॉन्कॅनेन्सिस' असे नाव दिले होते. जुने वाङ्मय शोधताना ही तिन्ही नावे घालून शोध घ्यावा. एकच घातल्यास निम्मे साहित्य निसटते.

या विंचवाच्या विषातून १९९० मध्ये 'आयबेरिओटॉक्सिन' नावाचे ३७ अमिनो आम्लांचे एक लहान प्रथिन वेगळे करण्यात आले. नाव ऐकून ते स्पेनचे वाटते, पण मूळ आपल्याच इंगळीचे. पेशीच्या आवरणात पोटॅशियमच्या आयनांसाठी जे मार्ग असतात, त्यांपैकी कॅल्शियमने उघडणारे मोठ्या वाहकतेचे मार्ग ते अचूक बंद करते. याच गुणामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत ते एक उपकरण म्हणून वापरले जाते. त्याच्या आधी इस्रायलकडील एका विंचवाच्या विषातून 'कॅरिब्डोटॉक्सिन' मिळालेले होते. तेही ३७ घटकांचेच. दोन्ही क्रम एकाखाली एक लिहून काढले तर २५ स्थाने जुळतात आणि १२ जुळत नाहीत, म्हणजे साम्य शेकडा ६८. हे काम हाताने, कागदावर, दहा मिनिटांत होते; आणि विद्यार्थ्यांनी ते एकदा तरी हाताने करावे असे आम्हांस वाटते. कारण ते करताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. जे जुळत नाही ते विखुरलेले आहे. जे जुळते त्यात सहाही सिस्टीन आहेत, आणि तेही ७, १३, १७, २८, ३३ व ३५ या नेमक्या त्याच स्थानी.

सिस्टीनचे महत्त्व त्यातील गंधकात आहे. दोन सिस्टीनांचे गंधक-अणू एकमेकांस जोडले गेले म्हणजे प्रथिनाच्या दोन दूरच्या भागांमध्ये सेतू बांधला जातो. येथे पहिला चौथ्याशी, दुसरा पाचव्याशी आणि तिसरा सहाव्याशी बांधलेला आहे. दुसरा व तिसरा सिस्टीन एका आखूड आल्फा-मळसूत्रावर बसतात. त्यांच्यामध्ये तीन घटकांचे अंतर असल्यामुळे ते मळसूत्राच्या एकाच अंगास येतात, कारण मळसूत्राचा एक वेढा सुमारे ३.६ घटकांत पुरा होतो. पाचवा व सहावा बीटा-पट्टीच्या एका धाग्यावर बसतात. त्यांच्यामध्ये एकच घटक असल्याने तेही एकाच बाजूस तोंड करतात. अशा रीतीने मळसूत्र पट्टीवर दोन टाक्यांनी शिवून टाकलेले असते. या रचनाबंधास सिस्टीनांनी स्थिर केलेला आल्फा-बीटा बंध असे म्हणतात. सोयीसाठी आपण त्यास पुढे 'शिवणबंध' म्हणू. तीसचाळीस घटकांच्या प्रथिनास सामान्यतः स्वतःची घट्ट घडी टिकवता येत नाही. या शिवणीमुळे ती टिकते.

आता हा बंध संगणकास ओळखावयास कसा शिकवावा? सर्वांत जुना आणि आजही सर्वांत बोधप्रद मार्ग म्हणजे सूत्र लिहिणे. अमोस बायरोख यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस जिनीव्हा येथे 'प्रोसाइट' हा सूत्रसंग्रह सुरू केला. आज तो स्विस जैवमाहिती संस्थेकडून चालविला जातो. त्यात विंचवांच्या आखूड विषांसाठी एक सूत्र आहे. त्याचा आशय असा: सिस्टीन, मग कोणतेही तीन घटक, सिस्टीन, मग कोणतेही सहा ते नऊ घटक, मग ग्लायसिन, अ‍ॅलनिन किंवा सेरिन यांपैकी एक, लायसिन, सिस्टीन, मग आयसोल्यूसिन, मेथिओनिन, ग्लुटामिन किंवा थ्रिओनिन यांपैकी एक, कोणतेही तीन, सिस्टीन, कोणताही एक, सिस्टीन. आयबेरिओटॉक्सिनवर हे लावून पाहा. १३ वर सिस्टीन, १७ वर सिस्टीन, मध्ये आठ घटक, २६ वर ग्लायसिन, २७ वर लायसिन, २८ वर सिस्टीन, २९ वर मेथिओनिन, पुढे तीन सोडून ३३ वर व एक सोडून ३५ वर सिस्टीन. सूत्र तंतोतंत बसते. सूत्रात पहिल्या, म्हणजे ७ व्या स्थानच्या, सिस्टीनला जागाच दिलेली नाही याकडेही लक्ष द्यावे. त्याचे कारण लवकरच दिसेल.

याच इंगळीच्या विषात 'टॅमापिन' नावाचे ३१ घटकांचे दुसरे प्रथिन आहे. त्याचे वर्णन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे सिस्टीन ३, ८, १२, २१, २६ व २८ या स्थानी आहेत. सूत्र येथेही बसते: ८ ते १२, मध्ये सहा घटक, १९ वर ग्लायसिन, २० वर लायसिन, २१ वर सिस्टीन, २२ वर आयसोल्यूसिन, आणि पुढे २६ व २८. मात्र पहिल्या दोन सिस्टीनांमधील अंतर आयबेरिओटॉक्सिनमध्ये पाच घटकांचे, तर येथे चार घटकांचे आहे. पहिला सिस्टीन सूत्राबाहेर का ठेवला, याचे कारण या दोन उदाहरणांतच सापडते. शिवणीचे चार टोके ज्या भागात येतात तो भाग ठाम. त्याच्या अलीकडचा सैल.

सिस्टीनाखाली सिस्टीन ठेवून ही दोन प्रथिने जुळविली, तर जेमतेम दहा स्थाने जुळतात आणि त्यांपैकी सहा सिस्टीनचीच असतात. म्हणजे घडण एक, पण तिच्यावर चढविलेला साज जवळजवळ सर्वस्वी वेगळा. आणि कामही वेगळे. आयबेरिओटॉक्सिन मोठ्या वाहकतेच्या मार्गांवर बसते; टॅमापिन लहान वाहकतेच्या मार्गांवर, त्यातही एका विशिष्ट उपप्रकारावर, कमालीच्या ओढीने बसते. कॅरिब्डोटॉक्सिनच्या गटात २७ व्या स्थानचे लायसिन आपली लांब शाखा आयनमार्गाच्या तोंडात बुचासारखी घालते. रॉडरिक मॅकिनन यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये विष आणि आयनमार्ग यांची एकत्रित स्फटिकरचनाच प्रसिद्ध केल्याने याविषयी आता शंका उरलेली नाही. टॅमापिनमध्ये त्याच जागी लायसिन आहे, सूत्रही बसते, परंतु मार्गाशी निकटचा संबंध येतो तो मळसूत्राकडील आर्जिनिनांचा. सूत्र पाहून 'हे लायसिन येथेही बुचाचे काम करीत असले पाहिजे' असे जो लिहील तो चुकेल. सूत्राने त्यास घडण सांगितली होती; काम सांगितले नव्हते.

सूत्र बसले म्हणजे ते योगायोगाने बसले नाही कशावरून, हा दुसरा प्रश्न. याचे गणित सोपे आहे. क्षणभर वीसही अमिनो आम्ले सारख्या प्रमाणात येतात असे धरू. 'प्रोसाइट'मधील शर्करा जोडण्याच्या जागेचे सूत्र घ्या: अ‍ॅस्परजिन, मग प्रोलिन सोडून काहीही, मग सेरिन किंवा थ्रिओनिन, मग पुन्हा प्रोलिन सोडून काहीही. ते एखाद्या स्थानी केवळ दैवयोगाने बसण्याची शक्यता सुमारे ०.००४५ येते. ४०० घटकांच्या प्रथिनात ते सरासरी १.८ वेळा उगाचच सापडेल. हे सूत्र आपल्या प्रथिनात सापडल्याचे प्रबंधात ठळक अक्षरांत लिहिणे म्हणजे गावात नारळाचे झाड सापडल्याची बातमी देणे होय.

विंचवाच्या सूत्राची कथा उलट. त्यात पाच सिस्टीन आणि एक लायसिन ठाम आहेत, दोन जागी मर्यादित निवड आहे आणि मधल्या अंतराचे चार पर्याय आहेत. हिशेब केल्यास सुमारे ५३ कोटी स्थानांमागे एकदा ते दैवाने बसेल. 'अल्फाफोल्ड'च्या संग्रहात २० कोटींहून अधिक प्रथिने आहेत. प्रत्येकी ३०० घटक धरले तरी अशी आकस्मिक उदाहरणे सबंध संग्रहात शंभराच्या आसपास निघतील. प्रत्यक्षात सिस्टीन हे विरळ अमिनो आम्ल आहे, त्यामुळे ही संख्या कितीतरी खाली येते. मात्र केसांतील किंवा धातू धरून ठेवणाऱ्या काही प्रथिनांत सिस्टीनांची दाटी असते, तेथे ती पुन्हा वर जाते. यास्तव सूत्र बसलेले प्रथिन आधीच सिस्टीनांनी गच्च भरलेले असेल, तर त्या बसण्यास फारसे मोल देऊ नये.

मग सूत्र थोडे सैल करून पाहावे काय? 'स्कॅनप्रोसाइट' या साधनात स्वतःचे सूत्र लिहून शोध घेण्याची सोय आहे, व तीच त्याची खरी मौज आहे. समजा, आपण केवळ शिवणीची चार टोके ठेवली: सिस्टीन, तीन घटक, सिस्टीन, मग १० ते २९ घटक, सिस्टीन, एक घटक, सिस्टीन. आता दर ८००० स्थानांमागे एक आकस्मिक जुळणी होते. म्हणजे ३०० घटकांच्या दर २७ प्रथिनांमागे एक. चाळणीची भोके मोठी केली की खडेही खाली पडतात. परंतु या सैल सूत्राचा लाभ असा, की ज्या विषांनी माणूस खरोखर मरतो ती त्यात सापडतात. वाचकांच्या मनात एव्हाना एक गैरसमज रुजला असण्याचा संभव आहे, तो दूर केला पाहिजे. आयबेरिओटॉक्सिन प्रसिद्ध आहे, पण दंश झालेल्या मुलाच्या फुप्फुसांत पाणी भरते ते मुख्यतः त्याच्यामुळे नव्हे. तो प्रताप सोडियमच्या मार्गांवर काम करणाऱ्या, ६० ते ७० घटकांच्या लांब विषांचा. ही विषे सोडियमचा मार्ग वेळेवर मिटू देत नाहीत, त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्था बेभान होते आणि शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर येतो. प्राझोसिन नेमके त्याच्या परिणामांस अडविते. उत्तर आफ्रिकेतील 'अँड्रॉक्टोनस ऑस्ट्रॅलिस' या विंचवाचे ६४ घटकांचे विष या वर्गाचा नमुना समजले जाते. त्याच्यात शिवणबंध पूर्णपणे आहे. परंतु आखूड विषांचे काटेकोर सूत्र त्यास लावले तर बसत नाही. लायसिनच्या जागी टायरोसिन आहे, आणि पुढच्या दोन सिस्टीनांमधील अंतर चाराऐवजी नऊ घटकांचे आहे. आमचे सैल सूत्र मात्र बसते. केवळ काटेकोर सूत्र चालवून 'या नमुन्यात विंचवाचे विषप्रथिन आढळले नाही' असा निष्कर्ष काढणाऱ्याने सर्वांत घातक द्रव्यच वगळलेले असेल.

हा पेच सूत्रांच्या पद्धतीत अंगभूत आहे. सूत्र 'होय' किंवा 'नाही' एवढेच बोलते. 'बहुतेक' हा शब्द त्यास ठाऊक नाही. म्हणून पुढील पिढीची साधने प्रत्येक स्थानी कोणते अमिनो आम्ल किती वेळा येते, कोठे एखादा घटक गळतो, कोठे वाढतो, या सर्वांचा संभाव्यतेच्या भाषेत हिशेब ठेवतात. याचे प्रौढ रूप म्हणजे प्रच्छन्न मार्कोव्ह प्रारूप. 'पीफॅम' हा संग्रह अशाच प्रारूपांचा आहे. त्यात विंचवाची आखूड विषे, लांब विषे आणि वनस्पतींतील संरक्षक प्रथिने यांची वेगवेगळी कुळे आहेत. त्याचे स्वतंत्र संकेतस्थळ २०२३ च्या आरंभी बंद झाले असून सर्व सामग्री 'इंटरप्रो' मध्ये विलीन झाली आहे. 'इंटरप्रो'ला एकच क्रम दिला म्हणजे प्रोसाइट, पीफॅम आणि इतर अनेक संग्रहांचे निकाल एकत्र मिळतात. नवख्याने आरंभ येथूनच करावा. ज्यांच्याजवळ कुळ ठाऊक नसलेले दहावीस क्रम आहेत आणि त्यांतील समान तुकडा शोधावयाचा आहे, त्यांच्यासाठी बेली व एल्कन यांचे १९९४ मधील 'मीम' आहे. दूरच्या नात्यांसाठी, जेथे क्रमातील साम्य डोळ्यास दिसेनासे होते, 'एचएचप्रेड' आहे. ते एका क्रमाची दुसऱ्याशी नव्हे तर एका कुळाच्या प्रारूपाची दुसऱ्या कुळाच्या प्रारूपाशी तुलना करते. या साधनांची नुसती यादी देण्यात अर्थ नाही; वापरताना कळतात.

'कॉन्सर्फ'विषयी मात्र थोडे अधिक सांगावयास हवे, कारण त्याची चित्रे आकर्षक असतात आणि म्हणूनच फसवी. तेल अवीव येथील हे साधन समान कुळातील क्रम गोळा करून त्यांचा वंशवृक्ष रचते आणि प्रत्येक स्थान किती वेगाने बदलले याचे १ ते ९ असे नऊ दर्जे लावून प्रथिनाच्या रचनेवर रंगविते. आयबेरिओटॉक्सिन त्यात घातले तर सहा सिस्टीन ९ च्या दर्जात येतील हे न पाहताही सांगता येते. खरा प्रश्न त्यांच्यानंतर कोण, हा आहे. आणि त्याचे उत्तर आपण वंशवृक्षात कोणाकोणास बसविले यावर अवलंबून आहे. फक्त पोटॅशियम-मार्ग रोखणारी निकटची विषे घेतली तर २७ वे लायसिन झळकेल. वनस्पतींची प्रथिनेही आत ओढली तर ते फिके पडेल. दोन्ही चित्रे खरी आहेत, परंतु ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिले 'हे विष काम कसे करते' याचे, दुसरे 'ही घडण टिकते कशाने' याचे. प्रबंधात चित्र छापताना किती क्रम घेतले, किती साम्यापर्यंतचे घेतले, हे जो सांगत नाही त्याचे चित्र भिंतीवर लावण्यापुरतेच.

वनस्पतींचा उल्लेख वर दोनदा आला. तो सहज नव्हता. १९९१ मध्ये फ्रेंच संशोधकांनी कॅरिब्डोटॉक्सिनची रचना चुंबकीय अनुस्पंदनाने निश्चित केली तेव्हा त्यांना आढळले, की हाच शिवणबंध कीटकांच्या शरीरातील जंतुनाशक प्रथिनांतही, डिफेन्सिनांतही, आहे. पुढे तो सर्वत्र सापडू लागला. आपल्या रोजच्या मुगाच्या दाण्यात 'व्हीआरडी-१' नावाचे डिफेन्सिन आहे. आठ सिस्टीनांचे हे प्रथिन दाणे पोखरणाऱ्या भुंग्याच्या पाचक रसातील अमायलेझला अडविते. मालवणच्या खडकांवरून ओरबाडून आणल्या जाणाऱ्या शिनाण्यांच्या कुळातील एका भूमध्य-समुद्री शिंपल्यातही याच घडणीचे, ३९ घटकांचे, जंतुनाशक प्रथिन मिळाले आहे. इंगळीची नांगी, मुगाची उसळ आणि शिनाण्यांचे तिखले यांच्यात एक समान शिवण असावी, ही गोष्ट आमच्या आजीस सांगितली असती तर तिने ती नाथांच्या भारुडातील एखादी चमत्कृती म्हणून हसण्यावारी नेली असती.

संरक्षणासाठी घडलेले प्रथिन विष कसे बनते, याचेही प्रायोगिक उत्तर मिळाले आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कीटकाच्या डिफेन्सिनातील एक लहानसे वळण कापून टाकताच ते पोटॅशियमचे मार्ग रोखू लागले. ते वळण आयनमार्गाच्या तोंडाशी आड येत होते, एवढेच. यातून आपल्या विषयासंबंधी निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. घडण टिकून राहते, कार्य त्या घडणीवरील दोनचार घटकांच्या फेरबदलाने पालटते. आणि प्रस्तुत साधने जे शोधतात ते मुख्यतः पहिले होय.

रचनेवरून रचना शोधण्याची साधने या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे नेतात, आणि तितकेच घोटाळ्यातही टाकतात. होल्म व सँडर यांचे 'डाली' १९९३ पासून चालत आलेले आहे. ते दोन रचनांतील अणूंच्या परस्पर-अंतरांचे तक्ते ताडून पाहते. 'फोल्डसीक' हे अलीकडचे. ते प्रत्येक घटकाच्या अवकाशातील शेजारास वीस अक्षरांपैकी एक अक्षर देते, आणि मग रचनांची तुलना शब्दांच्या तुलनेइतकी सोपी व हजारो पटींनी जलद होते. क्रमच हाती असेल व रचना नसेल, तर 'अल्फाफोल्ड'ने भाकीत केलेली रचना घेऊन हे शोध करता येतात. येथे विंचवाच्या विषांबाबत तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, ग्रंथीतील जनुकावरून मिळालेल्या क्रमाच्या आरंभी वीसबावीस घटकांचा संकेतखंड असतो. तो पेशीतून बाहेर पडतानाच कापला जातो. तो न काढता रचना भाकीत करविली तर विषाच्या डोक्यावर एक निरर्थक मळसूत्र उभे राहते. दोन, भाकीत रचनेत गंधक-अणूंमधील अंतर स्वतः मोजून पाहावे. सेतू खरोखर झाला असेल तर ते सुमारे २.०५ अँगस्ट्रॉम असते. तिसरी गोष्ट अंकांची. 'डाली'चा झेड-अंक २ च्या खाली असेल तर साम्य अर्थशून्य समजावे असा संकेत आहे. परंतु हा अंक प्रथिनाच्या लांबीवर अवलंबून असतो. ३७ घटकांच्या प्रथिनास मोठा अंक मिळणे मुळातच शक्य नाही, म्हणून मोठ्या प्रथिनांसाठी केलेली मोजपट्टी येथे जशीच्या तशी लावणे अन्यायाचे ठरते. अशा वेळी अंकापेक्षा शिवणीची चार टोके एकमेकांवर बसतात की नाही हे डोळ्यांनी पाहणे बरे.

आता सिंधुदुर्गाकडे परत येऊ. मुंबईच्या हाफकिनने तयार केलेली इंगळीच्या विषावरील प्रतिविषलस उपलब्ध झाल्यावर बावस्करांनी ती प्राझोसिनच्या जोडीने वापरून पाहिली. ७० रुग्णांवरील ही चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. केवळ प्राझोसिन दिलेल्या रुग्णांपेक्षा दोन्ही दिलेले रुग्ण लवकर सावरले. लस घोड्याच्या रक्तातून येते, आणि घोडा ज्या विषाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करतो ते कोणत्या प्रदेशातील इंगळ्यांचे होते हा प्रश्न क्षुल्लक नाही. कारण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम व दक्षिण भारतातील इंगळ्यांच्या विषांचा प्रथिनपट प्रदेशागणिक वेगळा आढळला. उद्या कोणी मालवणच्या जांभ्यावरील आणि घाटावरच्या माळावरील इंगळ्यांच्या विषग्रंथींतून क्रम मिळविले, तर वर सांगितलेली सर्व साधने एकमुखाने सांगतील की दोहोंत शिवणबंध तोच आहे. ते खरेच असेल. आणि लसीच्या दृष्टीने त्याचा उपयोग थोडाच होईल. प्रतिद्रव्य पकडते ते बाहेरचा साज. म्हणून तेथे टिकून राहिलेली स्थाने नव्हेत, तर बदललेली स्थाने शोधावयाची आहेत, आणि 'कॉन्सर्फ'चे चित्र उलट बाजूने वाचावयाचे आहे: १ ते ३ दर्जाचे घटक कोणते, आणि ते पृष्ठभागावर आहेत काय?

या टप्प्यावर पुष्कळजण पुणे विद्यापीठात अशोक कोळस्कर व प्रसाद टोणगावकर यांनी विकसित केलेल्या पद्धतीकडे वळतात. १९९० मध्ये 'फेब्स लेटर्स'मध्ये आलेली ही पद्धत प्रथिनातील कोणते तुकडे प्रतिद्रव्यांस चेतवतील याचा अंदाज बांधते, आणि आजही प्रतिकारशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संग्रहातील साधनांत ती त्यांच्या नावाने चालते. तिचा यशाचा वाटा कर्त्यांनी सुमारे शेकडा ७५ असा दिला होता. मराठी मुलखात जन्मलेले आणि जगभर वापरात राहिलेले असे संगणकीय साधन विरळाच. तथापि विंचवाच्या विषास ती लावताना एक खोच आहे. सिस्टीन, ल्यूसिन व व्हॅलिन हे घटक पृष्ठभागावर आले तर ते प्रतिजनक भागात असण्याचा संभव अधिक, हे या पद्धतीमागील एक निरीक्षण आहे, आणि म्हणून सिस्टीनास तीत मोठे वजन मिळते. इंगळीच्या विषात सिस्टीन तर पावलापावलावर. त्यामुळे आलेख जवळजवळ सर्वत्र उंच दिसतो. परंतु हे सिस्टीन एकमेकांत गुंतलेले आणि बहुतांशी आत दडलेले असतात. शिवाय ती पद्धत सलग तुकड्यांसाठी आहे. ३७ घटकांच्या घट्ट शिवलेल्या गोळ्यात प्रतिद्रव्याच्या पकडीत येणारे घटक क्रमात दूरदूरचे पण अवकाशात शेजारी असण्याचीच शक्यता मोठी. यास्तव तिचा आलेख रचनेशेजारी ठेवून, सिस्टीनांची शिखरे बाजूस सारून वाचावा. आणि उरलेली शिखरे जर कोकणच्या व घाटावरच्या क्रमांत भिन्न असलेल्या स्थानांवरच पडत असतील, तर तेवढे तुकडे लशीशी प्रत्यक्ष लावून पाहण्यासाठी प्रयोगशाळेत पाठवावेत.